साटमकाकांची ओली गिटार

आमच्या बिल्डिंगमधल्या साटमकाकांकडे कुणीही नवा माणूस आला, की पाणी विचारायच्या आधी ते त्याची परीक्षा घेतात. मोबाइलवर गिटारची एखादी धून लावतात, डोळे मिटून थोडी वाजू देतात आणि विचारतात, "सांगा. ओली की कोरडी?"

गॅस सिलिंडरवाल्याला त्यांनी हे विचारलंय. मतदारयादी तपासायला आलेल्या बाईंना विचारलंय. माझे सासरे पहिल्यांदा डोंबिवलीला आलेले, त्यांना तर जिन्यातच पकडलं. सासरे घाबरून म्हणाले, "ओली असावी." काका इतके खूश झाले, की सासऱ्यांना आमच्या घरी पोचायला तासभर लागला.

ओली म्हणजे सर्फ. अमेरिकेत किनाऱ्यावरची पोरं फळीवर उभी राहून लाटांवरून घसरत यायची, त्यांच्यासाठी तिकडच्या बँडांनी वाजवलेलं हे संगीत. गाणारा नाही, नुसत्या गिटारी आणि ड्रम. गिटारचा आवाज असा घुमणारा आणि निथळणारा, की पाण्यातून काढून आत्ताच दोरीवर वाळत घातली असावी. तरुणपणी बोटीवरच्या मावसभावाने काकांना एक कॅसेट आणून दिली आणि काका कामातून गेले. आता गाणारा माणूस त्यांना सहनच होत नाही. "गाणारा आला की गिटार त्याची मोलकरीण होते," असं म्हणतात. हे गृहस्थ मूळचे मालवणचे, पण समुद्रात घोट्याच्या वर कधी गेले नाहीत. "पाण्याची भीती वाटते रे," एवढंच सांगतात.

टेलिफोन खात्यात नोकरी करता करता काकांनी चौघांचा बँड काढलेला. त्यातला एक परदेशी गेला, एक वारला. उरले दोघं. गिटारवर साटमकाका आणि ड्रमवर कांबळेकाका. कांबळेकाका टिटवाळ्याला राहायचे आणि दर रविवारी साटमकाकांकडे यायचे. जेवायला म्हणून यायचे, पण खरं तर भांडायला.

भांडण एकच. सर्फ कशाला म्हणायचं?

साटमकाकांचं म्हणणं, आवाज ओला पाहिजे. कांबळेकाकांचं म्हणणं, ठेका पाहिजे. "अरे साटम्या, गिटार काय लाट आणते? लाट ढोल आणतो!"

"कांबळ्या, मग लेझीम पण सर्फ म्हण!"

"म्हणेन. तू काय करणारेस?"

साटमकाकांचा हा वाद जगभर चालायचा. इंटरनेटवर सर्फवाल्यांचा एक ग्रुप आहे, तिथे काका मराठीतून तावातावाने सांगायचे आणि मी इंग्रजीतून टाइप करायचो. एकदा फिनलंडच्या कुणीतरी काकांचा मुद्दा खोडून काढला. काका उसळले. "लिही त्याला, तुमचा समुद्र गोठतो. तुम्ही बोलू नका."

एकदा इथल्याच, डोंबिवलीजवळच्या कोपर गावात ओळखीच्यांकडे हळद होती. बेंजो पार्टी जोरात सुरू होती. कोळीगीतं, विजेवर वाजणाऱ्या तारा आणि मंडपात नाचायला जागा नाही. कांबळेकाकांनी साटमकाकांना थेट बेंजोवाल्यासमोर नेऊन उभं केलं.

"आता बोल. गाणारा आहे?"

"नाही."

"तारा इलेक्ट्रिक?"

"इलेक्ट्रिक."

"गाणं समुद्राचं?"

"समुद्राचं."

"मग हे सर्फ नाही तर काय?"

साटमकाका कान पुढे करून बराच वेळ ऐकत राहिले. घामाने भिजलेला बेंजोवाला शेवटी वैतागला. "काका, जरा सरा ना तिकरं. वायरीवर पाय हाय तुमचा."

साटमकाकांनी पाय उचलला आणि निकाल दिला. "माणूस ओला आहे. वाद्य कोरडं."

त्यावर दोघं पंधरवडाभर एकमेकांशी बोलले नाहीत. तिसऱ्या रविवारी कांबळेकाका काहीच घडलं नसल्यासारखे सुके बोंबील घेऊन आले आणि चपला काढता काढताच म्हणाले, "बेंजोवरून आठवलं..."

मागच्या दिवाळीनंतर कांबळेकाकांना पक्षाघाताचा झटका आला. जिवावरचं निभावलं, उजवा हातही थोडा हलायला लागला, पण बोलणं गेलं. येईल म्हणून डॉक्टरांनी सांगितलेलं, पण ते प्रयत्नच करेनात. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे.

एका रविवारी साटमकाका मला म्हणाले, "टिटवाळ्याला चल. मोबाइलचं बटण कुठे चुकलं तर तू आहेस."

कांबळेकाका पलंगावर उशीला टेकून बसलेले. चेहरा एका बाजूला ओढलेला. साटमकाकांनी कसे आहेस वगैरे काही विचारलं नाही. खुर्ची ओढली आणि मोबाइलवर संतूर लावलं. ब्यूटी पार्लरमध्ये लावतात तसलं, झोप आणणारं.

"ऐक कांबळ्या. मी खूप विचार केला. हे सर्फ आहे."

मी चमकून काकांकडे बघितलं. कांबळेकाका भिंतीकडेच बघत राहिले.

मग काकांनी सनई लावली. "हे तर पक्कं सर्फ. लग्नात वाजवतात, पण मुळात सर्फच." मग एका वाद्यवृंदाची रडकी धून. "ठेका बघ. ठेक्याचं तुझं म्हणणं होतं ना? ते साफ चुकलेलं. ठेका लागतच नाही. ड्रमवाल्याची तर काही गरजच नाही सर्फला. आपल्या बँडमध्ये पण उगाच घेतलेला तुला."

कांबळेकाकांची मान हळूहळू भिंतीकडून वळली. ओठ थरथरले. डावा हात चादरीवर आपटला.

"ना," ते म्हणाले. मग सगळा जीव एकवटून, "नाही!"

स्वयंपाकघरात कांबळेकाकू भांडी लावत होत्या. आवाज थांबला. त्या दारात येऊन उभ्या राहिल्या, ओले हात तसेच.

साटमकाका मात्र तसूभर हलले नाहीत. "नाही काय नाही? नुसतं नाही म्हणून चालत नाही. कारण सांग."

"ग... गाढवा," कांबळेकाका म्हणाले.

"हे कारण झालं?"

असं अर्धा तास चाललं. चार-पाच शब्द निघाले, त्यातले निम्मे शिव्या. निघताना काकू काहीतरी बोलायला लागल्या, पण साटमकाका म्हणाले, "वहिनी, याला सांगून ठेवा, पुढच्या खेपेला मी तबल्यालाही सर्फ म्हणणार आहे."

जिना उतरताना पहिल्या मजल्यावर ते मध्येच पायरीवर बसले. "थांब, बूट नीट करतो," म्हणाले. पायात चपला होत्या.

"आयुष्यभर त्याला गप्प बसवायला बघितलं रे मी," खाली बघतच ते म्हणाले. "आणि तो खरोखर गप्प बसला, तर घरात रविवार उजाडेचना."

मी दोन पायऱ्या खाली गेलो आणि तिकडे पाठ करून उभा राहिलो. वर कांबळेकाकांच्या घरातून काकूंचा आवाज येत होता. "परत म्हणा ना. अहो, मला पण म्हणा काहीतरी."