एक्क्याण्णव नंबरचे नाना

ज्या मॅचचा निकाल कुठेच धरत नाहीत, तेवढ्याच मॅच आमचे सासरे बघतात.

अमेरिकेत बेसबॉलचा खरा मोसम सुरू व्हायच्या आधी महिना-दीड महिना सगळ्या टीम उबदार गावी जाऊन सराव करतात आणि आपापसात सामने खेळतात. हरले काय, जिंकले काय, पाटी कोरीच. तिकडचे प्रेक्षकसुद्धा या सामन्यांना नुसतं ऊन खायला जातात म्हणे. आमचे नाना मात्र हॅमिल्टनमध्ये, रोटोटुनाच्या आमच्या लाउंजमध्ये, सकाळी सहाला टीव्हीसमोर हजर असतात. अंगात टीमचा शर्ट, डोक्यावर टोपी, पायात मोजे आणि मोज्यांवर जॅन्डल्स, म्हणजे इथल्या अंगठ्याच्या रबरी चपला. जॅन्डल्सचा पट्टा बसावा म्हणून मोज्यांना अंगठ्यापाशी कात्री लावलेली. तिकडचं राष्ट्रगीत लागलं की उभे राहतात ते मॅच संपेपर्यंत उभेच. आणि मार्च सरता सरता खरा मोसम सुरू झाला की टीव्ही बंद.

"आता काय बघायचं, मिलिंदराव? आता मोजायला लागले."

मी पेशाने फार्मासिस्ट, आणि स्वभावाने लोकांची फार पर्वा करणारा माणूस. शेजारी काय म्हणतील, मंडळात काय म्हणतील, हा विचार मी गोळ्या मोजतानाही करत असतो. अशा माणसाच्या घरी देवाने नाना पाठवले.

यंदा त्यात एक अडचण होती. ती आधीच सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल. आमच्याकडे जादाची खोली एकच, आणि तीत नाना. पुण्याहून माझी आई येणार होती, गुडघ्यांचं ऑपरेशन झाल्यावर, एप्रिलअखेर, चांगली मुक्कामाला. व्याही आणि विहीण एका खोलीत राहू शकत नाहीत. माझ्या मुलीच्या, ईराच्या खोलीत तिचा पलंग आणि टेबल टाकल्यावर दार उघडायची पंचाईत. म्हणजे नानांनी जळगावला परत जायचं. तिथे सासूबाई गेल्यापासून त्यांचा फ्लॅट कुलपात होता. त्यांचा व्हिसा संपत आलेला, आणि आपण तो वाढवून मागणार आहोत असं नाना धरून चालले होते. ते तसं नाही, एवढंच त्यांना सांगायचं होतं.

"तुझ्या आईला नको असं मी म्हणणार नाही," माझी बायको स्वाती म्हणाली. ती हॉस्पिटलात नर्स आहे. "पण माझ्या बाबांना जा म्हणून मी सांगणार नाही. वॉर्डात हीप्स, ढिगाने लोकांना वाईट बातम्या देते मी. ही एक तू दे."

"देतो," असं म्हणत मी फेब्रुवारी काढला.

नाना जळगावच्या एका शाळेत पी.टी.चे सर होते. मुलींना सॉफ्टबॉल शिकवायचे. बेसबॉल हा सॉफ्टबॉलचा थोरला भाऊ, पण तो त्यांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. तो इथे येऊन इंटरनेटवर दिसला आणि निवृत्त माणसाला काम मिळालं. टीम त्यांनी कशी निवडली? आदल्या वर्षी सगळ्यांत जास्त मार खाल्लेली कोण, हे शोधलं आणि ती घेतली. "जिंकणाऱ्यांच्या मागे गाव असतं. हरणाऱ्यांना एक माणूस तर पाहिजे ना!"

शर्टाचीही गोष्ट आहे. टीममधल्या पक्क्या खेळाडूंचे नंबर लहान असतात. सरावाला नुसती बोलावलेली पोरं असतात, त्यांना मोठे नंबर देतात, कधी पाठीवर नावसुद्धा नसतं. खेळा, राहा, जेवा, पण जागेची खात्री नाही. नानांनी मुद्दाम तसा शर्ट मागवला. नाव नाही, नुसता एक्क्याण्णव. मी म्हटलं, एखाद्या मोठ्या खेळाडूच्या नावाचा घ्यायचा. तर म्हणाले, "आपण बोलावलेले. आपल्याला हाच शोभतो." मला वाटलं, चेष्टा करतायत.

खेळाडूंची खरी नावं त्यांच्या जिभेवर बसत नाहीत, म्हणून त्यांनी सगळ्यांचं बारसं केलंय. साडेसहा फुटी काळा बॉलर म्हणजे बंडू. सारखा थुंकतो तो तात्या. आणि मागे बसून बॉल झेलणारा, दाढीत पांढरे केस आलेला एक गडी, जो दर वर्षी मोठा नंबर घालून येतो आणि दर वर्षी मोसमाआधी घरी जातो, ते गणपतराव. एकट्या गणपतरावांना ते अहोजाहो करतात.

सरावाच्या महिन्यात टीम हळूहळू गाळत नेतात. रोज सकाळी दोन-चार पोरांना मॅनेजर ऑफिसात बोलावतो आणि उद्यापासून येऊ नका म्हणून सांगतो. त्यामुळे आमच्या घरी दिवसाचा पहिला प्रश्न हा असायचा: "आज कोणाला नारळ?" मी टोस्टला बटर लावत असताना नाना हे विचारायचे आणि मी त्याच टोस्टला पुन्हा बटर लावायचो. कारण एक नारळ माझ्याच हातात होता.

मार्चच्या सुरुवातीला ते दुकानात आले. सॉफ्टबॉलच्या मैदानावर सर लांबून खुणा करतात, नाकाला हात म्हणजे पळ, कोपराला हात म्हणजे थांब, तशी त्यांनी आमच्या घरची खुणांची भाषा केली होती. मी एका गोऱ्या आजींना रक्तदाबाच्या गोळ्या समजावून सांगत होतो. दारात एक्क्याण्णव नंबर उभा. नाक, टोपी, डावं कोपर, मग छातीवरून दोनदा हात. याचा अर्थ, भात लावू का, आणि येताना दूध आणा. काउंटरवरच्या टीनाने वेगळा अर्थ घेतला. ती खुर्ची घेऊन धावली, नानांना बसवलं आणि डाव्या हातात दुखतंय का, छातीत दाबल्यासारखं होतंय का, विचारू लागली. नानांना इतक्या आपुलकीने कुणी बऱ्याच दिवसांत विचारलं नसावं. ते म्हणाले, "येस, लिटल बिट." ती अँब्युलन्सचा नंबर फिरवत असताना मी तिला थांबवलं. आजींनी माझ्याकडे असं पाहिलं की आता या गोळ्या घ्याव्यात की नाही.

"हे तुझे वडील?" टीनाने विचारलं.

"वाइफचे," मी इतक्या घाईने म्हणालो की टीनाने भुवई उचलली.

घरी येऊन मी तणतणलो. ईरा म्हणाली, "चिल, बाबा. नानाज साइन्स आर स्वीट अ‍ॅज." म्हणजे इथल्या भाषेत, एकदम झकास. तिला सगळ्या खुणा पाठ होत्या. घरात लाज वाटणारा मी एकटाच होतो.

मग आला पाडवा. इथे तो शरदात येतो, कडुलिंबाच्या जागी कुंडीतला कढीपत्ता लागतो, आणि गाठी ऑकलंडहून मागवाव्या लागतात. गुढी उभारायचं काम नानांकडे. मी आंघोळ करून डेकवर आलो तर काठी, जरीचा खण, गाठी, कढीपत्ता, सगळं जागच्या जागी, आणि वर गडूऐवजी टीमची टोपी. तीही उलटी, आतली शिवण बाहेर.

"नाना, हे काय?"

"टीम मागे पडली की तिकडे टोपी अशी उलटी करून घालतात. नशीब फिरतं. आपणही गडू उलटाच घालतो ना? विचार एकच आहे हो. आणि गडू मी शोधला, सापडला नाही."

कुंपणापलीकडून शेजारच्या ग्रॅहॅमने हात हलवला. "किया ओरा! कुठली टीम?"

"हॅपी न्यू इयर!" नाना ओरडले. मार्चमध्ये. ग्रॅहॅमने जरा थांबून, "यू टू, मेट," म्हटलं आणि तो कुत्र्याला घेऊन आत गेला.

एवढ्यावर निभावलं असतं. पण तेवढ्यात मंडळाच्या देशपांडेबाई श्रीखंडाचा डबा द्यायला आल्या. त्यांनी गुढीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, फोन काढला. दुपारपर्यंत तो फोटो मंडळाच्या ग्रुपवर होता, खाली "रोटोटुनाची क्रीडा-गुढी" आणि हसून डोळ्यांत पाणी आलेल्या चेहऱ्यांची रांग. कुणीतरी लिहिलं, परंपरा जपणारी मंडळी. मला त्या ग्रुपातून आणि शक्य तर देशातून निघून जावंसं वाटलं.

संध्याकाळी मी म्हणालो, "नाना, शनिवारी मंडळाच्या पाडव्याच्या कार्यक्रमाला आम्ही जातो, तुम्ही घरीच थांबा. उगाच दमाल. आणि मॅच आता खोलीत टॅबवर बघत जा, आवाज कमी करून."

मला वाटलं, वाद घालतील. ते म्हणाले, "बरं, मिलिंदराव." आणि टोपी काढून सरळ करून आत घेऊन गेले.

शनिवारी स्वाती, ईरा आणि मी कार्यक्रमाला गेलो. नाना का नाही आले, असं तिघा-चौघांनी विचारलं आणि मी तब्येतीचं सांगितलं. मी पुरीबरोबर दोनदा श्रीखंड घेतलं. फार मोकळं वाटत होतं मला, आणि तेच लिहिताना आता कान गरम होतायत.

सरावाच्या शेवटच्या मॅचच्या दिवशी माझी सुट्टी होती. म्हटलं, आज सांगायचंच. आलं घालून चहा केला, दोन कप घेऊन नानांच्या खोलीत गेलो. बऱ्याच दिवसांत मी त्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं. टॅबवर आवाज इतका कमी होता की नुसती हालचाल दिसत होती. नाना पहिल्यांदाच बसून मॅच बघत होते. मी पलंगाच्या कडेला टेकलो. ऊन थेट डोळ्यांवर येत होतं.

"आज कोणाला नारळ?" यावेळी मी विचारलं. बोलायला सुरुवात तर हवी.

"गणपतरावांना."

"अरेरे."

"बोलावलं असेल ऑफिसात. दार लावून घेतलं असेल." नाना टॅबकडेच बघत होते. "मला ना, त्या मॅनेजरची दया येते."

"मॅनेजरची?"

"खेळणाऱ्याला आधीच कळलेलं असतं हो. आजूबाजूचे लोक नजर चुकवायला लागतात. पानात जरा जास्तच तूप पडायला लागतं. त्याची तयारी झालेली असते. झोप उडते ती सांगणाऱ्याची."

गेले पंधरा दिवस नानांच्या भातावर तूप मी वाढत होतो.

"माझंही तसंच व्हायचं," ते म्हणाले. "जिल्ह्याला न्यायच्या पोरी ठरलेल्या, आणि तालमीला दोन-तीन जास्त असायच्या. महिनाभर घाम गाळलेल्या. त्यांना मैदानावर सगळ्यांसमोर नको म्हणायची माझी छाती नव्हती. मग संध्याकाळी सायकल काढून घरी जायचो. आई चहा ठेवायची, बाप पिकाचं बोलत बसायचा. मी चहा संपवायचो, दुसरा घ्यायचो, पण तोंडातून शब्द फुटायचा नाही. एकदा निर्मला नावाची पोरगी होती. मी तसाच उठलो. ती फाटकापर्यंत सोडायला आली आणि म्हणाली, 'सर, मी पुढच्या वर्षी येते.' सातवीतली पोर. सोडवलं हो तिने मला. मी सायकलवर बसून रस्ताभर रडलो."

माझ्या हातात चहा होता. त्यावर साय धरत होती. एवढी वाक्यं घोकून आलो होतो, व्हिसाचं, खोलीचं, आईच्या गुडघ्यांचं. एकही बाहेर येईना.

नानांनी टॅब पालथा ठेवला.

"मिलिंदराव," ते म्हणाले, "मी पुढच्या वर्षी येतो."

"नाना, तसं नाही, म्हणजे..."

"आलं छान लागलंय," ते म्हणाले आणि चहा प्यायला लागले. मग मला बोलावं लागू नये म्हणून स्वतःच बोलत राहिले. "विहीणबाईंना या बाजूला झोपवा. पलंग मी खिडकीशी घेतलाय. सकाळचं ऊन येतं, गुडघ्यांना बरं. त्या कोपऱ्यात पहाटे फार गार पडतं."

"तुम्ही कधी बोलला नाहीत."

"मला काय, मोजे असतात."

"पलंग सरकवलात कधी? एकट्याने?"

"तुम्ही कार्यक्रमाला गेलात ना, शनिवारी, तेव्हा. घर रिकामं होतं. ओढताना आवाज झाला तरी कुणाला त्रास नाही."

तो पलंग आणला तेव्हा मला आणि ग्रॅहॅमला मिळून उचलता आला नव्हता. आता कोपऱ्यातल्या कार्पेटवर त्याच्या चार पायांचे खळगे उरले होते. मी तिकडेच बघत बसलो, कारण नानांकडे बघायची मला लाज वाटत होती.