अढळवीरांच्या बायकोचे सोमवार

कुमुदिनीबाई आठल्ये अंतराळ स्थानकावर राहायला आल्या त्या पहिल्याच चातुर्मासात त्यांनी एक नेम धरला होता: स्थानक हातांवर तोलून बाहेर उभे असलेल्या अढळवीरांना आधी जेवू घालायचं, मग आपण पानावर बसायचं.

नेम तसा अवघड नव्हता. त्यांच्या सासरी, रत्नागिरीकडे, गाईला घास दिल्याशिवाय कुणी जेवत नसे. स्थानकावर गाय नव्हती, अढळवीर होते. ते स्वयंपाकघराच्या बरोबर खाली, पोकळीत, दोन्ही तळवे वर करून उभे असत, आणि त्यांच्या उजव्या हाताची चार बोटं खिडकीच्या काठाशी दिसत. कुमुदिनीबाई भाताचे पाच घास फडक्यात बांधून दुहेरी झडपेतून बाहेर सरकवत आणि उपग्रह पकडण्यासाठी बसवलेल्या यांत्रिक हाताने एकेक घास त्यांच्या तोंडापर्यंत नेत. अढळवीरांना हवा लागत नसे. लिंबाची फोड मात्र लागे.

अकरा वर्षांपूर्वी स्थानकाचं मुख्य इंजिन बंद पडून ते खाली सरकू लागलं, तेव्हा अढळवीर शनीकडचं काम आटपून परत चालले होते. जाता जाता त्यांनी खालून हात लावला. तेव्हाचे स्थानकप्रमुख म्हणाले, "दहा मिनिटं धरा, एवढं बघून घेतो." ते प्रमुख पुढे बदलून गेले. त्यांच्यानंतर चार प्रमुख आले. इंजिनाच्या सुट्या भागांची मागणी रीतसर गेलेली होती आणि ती विचाराधीन होती.

पृथ्वीवर अढळवीरांचं रंगीत चित्रांचं पुस्तक दर महिन्याला निघत असे. कुमुदिनीबाई ते मागवून घेत आणि जेवण झाल्यावर अढळवीरांच्या कानाला बांधलेल्या फोनवर वाचून दाखवत.

"या महिन्यात तुम्ही ज्वालामुखीत उडी घेतलीत, भाऊजी."

"बरं. वाचलो का?"

"वाचलात."

"मग ठीक आहे, वहिनी."

मुखवट्यामागचं त्यांचं नाव जनार्दन खुटवड. गाव भोरजवळ. हे गुपित होतं, पण पत्रं त्याच नावाने येत आणि हात गुंतलेले असल्यामुळे ती कुमुदिनीबाईंनाच वाचून दाखवावी लागत. श्रावणाच्या पहिल्या आठवड्यात त्यांच्या बायकोचं, शालनचं पत्र आलं.

"तुम्ही वर अडकलात तेव्हा मी सोळा सोमवार बोलले होते, तुम्ही सुखरूप राहावं म्हणून. सोळा कधीच झाले. उद्यापनाला जोडीनं बसावं लागतं आणि तुम्ही नाही, म्हणून सोमवार तसेच चालू आहेत. परवा रानात चक्कर येऊन पडले. डॉक्टर म्हणाले रक्तात साखर आहे, उपास सोडा. मी म्हणाले, उद्यापन झाल्याशिवाय कसा सोडू? येता आलं तर बघा. नाही आलं तरी काळजी करू नका. म्हैस व्यायली."

मांडणीतल्या वाट्या एकमेकींवर किणकिणल्या.

"चुकून हललो, वहिनी," अढळवीर म्हणाले. "पाचशेच्या वर सोमवार झाले असतील तिचे. मला वाटलं होतं, कधीच सोडले असतील."

कुमुदिनीबाईंनी त्या दिवशी पान मांडलं आणि तसंच उचलून ठेवलं. उद्यापन राहून जाणं म्हणजे काय हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या रजेचा अर्ज घेऊन आस्थापना विभागात सबनिसांकडे गेल्या.

सबनिसांनी अर्ज दोनदा वाचला. "वहिनी, यांना रजा देता येत नाही. यांची नोंद कर्मचाऱ्यांत नाही, डेड स्टॉकमध्ये आहे. हे बघा. नग क्रमांक एकेचाळीस, आधार, एक."

"माणूस आहे हो तो."

"आहेच. पण वस्तूला रजा नसते. दुरुस्ती असते."

"मग दुरुस्ती लिहा."

"बिघाड काय दाखवू?"

"अकरा वर्षं घरी गेलेले नाहीत, असं लिहा."

सबनिसांनी विचार केला आणि त्या रकान्यात 'दीर्घ वापर' असं लिहिलं. मग म्हणाले, "दुरुस्तीला पाठवायचं तर बदली नग दाखवावा लागेल. नाहीतर स्थानक खाली येईल आणि त्याचा खुलासा मला विचारतील."

बदलीसाठी आधी अढळवीरांच्याच व्यवसायातल्या लोकांना विचारण्यात आलं. ज्वालाक्ष नावाचे गृहस्थ लगेच आले, केशरी झूल पाठीवर टाकून. "मारायचं कुणाला?" त्यांनी विचारलं. कुणालाच नाही, नुसतं धरायचं आहे, असं कळल्यावर ते चहा घेऊन गेले. दुसरे अदृश्य होणारे होते. ते हजर झाल्याचं त्यांनी कळवलं, पण ते हजर आहेत याची खातरजमा कशी करायची हे ठरेना, आणि सबनिसांनी सही केली नाही.

स्थानकप्रमुख रणदिवे साहेब समंजस होते. त्यांनी भोरला फोन लावून विचारलं, पूजेला जनार्दनरावांच्या जागी सुपारी ठेवली तर चालणार नाही का? शालन म्हणाली, "अकरा वर्षं शेजारच्या पाटावर सुपारीच आहे, साहेब. तिला जेवलीस का विचारता येत नाही, आणि तीही मला विचारत नाही."

रणदिवे साहेबांना ते पटलं. मग सुपारी इथे वर, अढळवीरांच्या हातांच्या जागी, ठेवून पाहावी असं ठरलं. ती धुऊन, हळदकुंकू वाहून स्थानकाच्या तळाशी ठेवली आणि अढळवीरांनी हळूहळू हात काढले. चाळीस सेकंद स्थानक सुपारीवर राहिलं, हे सगळ्यांनी मान्य केलं. नंतर कुमुदिनीबाईंच्या पातेल्यातली आमटी एका बाजूला कलली, आणि अढळवीरांनी हात पुन्हा लावले. सुपारीला कुणी बोल लावला नाही. कुमुदिनीबाईंनी ती देव्हाऱ्यात नेऊन ठेवली.

त्याच दुपारी त्या खिडकीशी बसल्या. "भाऊजी, जोर किती लागतो?"

"जोर नाही लागत. पाण्याने भरलेल्या हंड्याइतकं वजन आहे. खाली ठेवता येत नाही, एवढंच."

"नाक खाजलं तर?"

"खाजू द्यायचं."

बदली आपणच जाणार असं कुमुदिनीबाईंनी घरी सांगितलं तेव्हा त्यांचे यजमान श्रीनिवासराव, जे स्थानकाच्या पाणी विभागात अभियंता होते, वर्तमानपत्र बाजूला ठेवून म्हणाले, "तुझ्याकडून लोणच्याची बरणी उघडत नाही."

"बरणी उघडायची असते. हे धरायचं आहे."

"आणि माझ्या जेवणाचं?"

"भात लावा. पाणी बोटाच्या दुसऱ्या पेरापर्यंत. तिसऱ्यापर्यंत घालू नका, मागच्या वेळेसारखी पेज होईल."

श्रीनिवासरावांनी थोडा वेळ बोटाकडे पाहिलं. देवाधर्माचं त्यांना वावडं नव्हतं, पण एकादशीला ते बायकोच्या साबुदाण्याबरोबर स्वतःची पोळीभाजीही खात. "पडलीस तर?" ते म्हणाले.

"पडले तर स्थानक पडेल. तुम्हीही त्यातच असाल."

श्रीनिवासरावांनी तांदळाचा डबा कुठे असतो ते विचारलं.

सबनिसांनी त्यांची नोंद एकेचाळीस-अ अशी घेतली. आठल्ये वहिनींना आधार म्हणून लिहावं की उप-आधार म्हणून, यावर त्यांनी एक दिवस घालवला आणि शेवटी आधारच लिहिलं. रविवारी सकाळी कुमुदिनीबाईंनी नऊवारीवर अंतराळाचा पोशाख चढवला, देवाला नमस्कार केला आणि झडपेतून बाहेर पडल्या. अढळवीरांच्या तळव्यांशेजारी त्यांनी आपले तळवे लावले.

"घेतलं?"

"घेतलं."

"सोडू?"

"सोडा. आणि प्रसाद आणायला विसरू नका."

अढळवीरांनी अकरा वर्षांनी हात खाली केले. ते काही वेळ त्यांना दुमडताच येईनात. मग त्यांनी मुखवटा आणि झूल काढून झडपेच्या कडीला अडकवली, कारण पुण्यापासून पुढे ते एसटीने जाणार होते, आणि खाली निघून गेले.

वजन खरोखर हंड्याइतकंच होतं. कुमुदिनीबाईंच्या पायांखाली पृथ्वी फिरत होती आणि त्यातलं आपलं कुठलं हे त्यांनी पहिल्या दिवशी ओळखायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला. माळ ओढता येत नव्हती म्हणून त्या श्वासावर जप मोजत होत्या. श्रीनिवासरावांनी यांत्रिक हाताने त्यांच्या तोंडाशी पेजेची नळी नेली. पाणी तिसऱ्या पेरापर्यंत गेलं होतं.

सोमवारी दुपारी बारा वाजून पन्नास मिनिटांनी वजन वाढलं.

जड ट्रंक दोघांनी उचलून नेताना दुसऱ्या टोकाच्या माणसाने न सांगता हात काढून घ्यावा, तसं ते झालं. कुमुदिनीबाईंचे कोपर वाकले. आतल्या उंचीमापकाच्या काट्याने स्थानक खाली सरकत असल्याचं दाखवलं. श्रीनिवासराव, रणदिवे साहेब आणि सबनीस स्वयंपाकघराच्या खिडकीशी धावले.

"अगं, काय झालं?"

"भोरला उद्यापन झालं," कुमुदिनीबाई म्हणाल्या. त्यांना बोलताना दम लागत होता. "शालनने उपास सोडला."

रणदिवे साहेबांनी फोन उचलला. "जनार्दनरावांना ताबडतोब बोलावून घेतो."

"नको, साहेब. ते जेवणावरून उठून आले तर ती विचारेल, का बोलावलं. आणि एकदा तिला कळलं की हे स्थानक इतकी वर्षं तिच्याही सोमवारांवर उभं होतं, तर ती घास तोंडातून काढून ठेवील. पुन्हा धरील आणि मरेपर्यंत सोडणार नाही."

"मग करायचं काय?"

"सोमवार इथे कुणीतरी धरायला हवा. मी धरते आहेच, पण मला एकटीला पुरत नाही."

"कुणी धरायचा याची तरतूद..." सबनीस म्हणाले आणि थांबले, कारण काटा आणखी खाली गेला होता.

श्रीनिवासरावांच्या हातात चहाचा कप होता. दुपारचा चहा त्यांनी लग्नाच्या दिवशीही चुकवला नव्हता. त्यांनी तो खिडकीच्या कठड्यावर ठेवला.

"हा नाही पीत," ते म्हणाले.

"आजचा?"

"सोमवारचा. सगळ्या सोमवारचा."

"बघा हं. उद्या म्हणाल, डोकं दुखतं."

"दुखू दे."

काटा थांबला. वर गेला नाही, पण थांबला. रणदिवे साहेबांनी सोमवारी अळणी खायचं कबूल केलं. सबनिसांनी खिशातून तंबाखूची पुडी काढून टेबलावर ठेवली. ती त्यांच्याकडे आहे हे तोवर कुणालाच माहीत नव्हतं. संदेशकक्षातल्या मुलीचा भावाशी दोन वर्षं अबोला होता. तिने विचारलं की उपासाऐवजी सोमवारी त्याला फोन केला तर चालेल का. कुमुदिनीबाई म्हणाल्या, चालेल, तो उपासापेक्षा अवघड आहे. संध्याकाळपर्यंत स्थानकावरच्या एकोणीसही माणसांनी काही ना काही धरलं आणि वजन पुन्हा हंड्याइतकं, कदाचित थोडं कमीच, झालं.

बुधवारी अढळवीर परत आले. त्यांच्या हातात कणकेच्या चुरम्याचा डबा होता. त्यांनी झूल चढवली, मुखवटा बांधला, आणि तळवे लावले.

"घेतलं."

कुमुदिनीबाईंनी हात काढले.

"वहिनी, हलकं लागतंय. इंजिन बसवलं की काय?"

"नाही. ते विचाराधीन आहे. तुम्ही विश्रांती घेऊन आलात, म्हणून तसं वाटत असेल. शालन जेवली ना पोटभर?"

"दोन भाकऱ्या खाल्ल्या. भर दुपारी, सोमवारी. मग तिथेच भिंतीला टेकून झोपली. मी उठवलं नाही. ताट हातात घेऊन बघत बसलो."

कुमुदिनीबाई आत आल्या. चुरम्याचे एकोणीस वाटे केले. पाच घास बाहेर पाठवले आणि मग आपण पानावर बसल्या. एकेचाळीस-अ ही नोंद काढून टाकण्याची तरतूद नसल्यामुळे ती तशीच आहे, आणि दर मार्चमध्ये सबनीस येऊन कुमुदिनीबाई जागेवर आहेत ना, हे पाहून जातात.

आता एकच मागणं आहे. एकोणीस माणसं म्हणजे फार नव्हेत, आणि त्यांच्या बदल्या होत असतात. नवा माणूस येईपर्यंत एखादा सोमवार मोकळा पडतो आणि त्या दिवशी स्वयंपाकघरातली आमटी थोडी कलते. तेव्हा हे ज्यांनी ऐकलं त्यांनीही सोमवारचं एक काहीतरी धरावं. दुपारचा चहा सोडा, नाहीतर ज्याच्याशी बोलत नाही त्याच्याशी बोला. लहानसंच धरा, म्हणजे निभेल. धरलंत की मधेच सोडू नका, आणि चार लोकांत सांगत बसू नका. कधी भोरकडे जाणं झालं आणि शालन खुटवड भेटल्या, तर हा विषय काढू नका. त्या जेवायला बसा म्हणतील. बसा, आणि त्यांना आधी वाढून घेऊ द्या.