रविवारी आम्ही घरी नाही

गुरुप्रसाद सुर्व्यांनी रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसून बत्तीस वर्षं लोकांना गाड्यांच्या वेळा सांगितल्या. लांजा किती वाजता, मालगुंड कुठल्या फलाटावर, चिपळूण गेली की जायची आहे. या बत्तीस वर्षांत ते स्वतः मात्र कुठेही फिरायला गेले नाहीत. (लग्नानंतर एकदा महाबळेश्वरला जायचं ठरलं होतं. गाडी चुकली.) त्यामुळे त्यांच्या तोंडून, "पुढच्या रविवारी आम्ही घरी नाही, ट्रिपला चाललोय," हे वाक्य ऐकलं तेव्हा विमलाबाईंच्या हातातला नारळ खवणीवर तसाच राहिला.

हे वाक्य ते बोलले होते फोनवर, मुलीशी. शमिका त्यांची एकुलती एक. आयर्लंडमध्ये गॉलवे नावाच्या गावी म्हाताऱ्या माणसांच्या एका केंद्रात नर्स. जाऊन अडीच वर्षं झाली होती. दर रविवारी संध्याकाळी सहाला तिचा व्हिडिओ कॉल यायचा. चार वाजल्यापासून विमलाबाई वेणी घालून बसायच्या आणि गुरुप्रसाद शंभर टक्के चार्ज झालेला फोन पुन्हा चार्जिंगला लावायचे.

त्या रविवारी बोलता बोलता शमिका गॅसवरचं दूध बघायला गेली आणि तिच्याबरोबर राहणारी दिशा फोनवर आली.

"काका, तुम्हीच सांगा हिला," ती हळूच म्हणाली. "पुढच्या रविवारी आम्ही सगळे समुद्राच्या कडेकडेनं फिरायला जाणार आहोत, दिवसभर. ही कधीच येत नाही. म्हणते, आई-बाबा सहाला वाट बघत असतात."

 अडीच वर्षं आपली पोरगी समुद्राच्या उशाशी राहते आणि आपल्यापायी रविवारची खोलीत बसते, हे गुरुप्रसादांना माहीतच नव्हतं. शमिका परत आली तशी त्यांनी ती थाप ठोकून दिली.

"ट्रिपला? कोणाबरोबर?" शमिकानं विचारलं.

"मित्रांबरोबर."

"कुठले मित्र?"

प्रश्न रास्त होता. स्टँडवरचे जुने सोबती कोणी मुंबईला मुलाकडे गेले होते, कोणी त्याहून लांब. गुरुप्रसाद म्हणाले, "आहेत की. तू ओळखत नाहीस."

"बरं. मग मीपण जाते. पण फोटो पाठवायचे हं, बाबा."

फोन बंद झाला. विमलाबाईंनी विचारलं, "हे काय नवीन?"

"जाऊ दे गो तिला एक दिवस. आपण गुपचूप घरीच बसू."

"आणि फोटो?"

फोटोंचा विचार गुरुप्रसादांनी केला नव्हता.

"आणि सहा वाजता काय करायचं आपण?" विमलाबाईंनी विचारलं. हे त्यांनी इतकं हळू विचारलं की गुरुप्रसादांनी त्याच क्षणी खरोखरच ट्रिपला जायचं ठरवलं.

मित्र शोधायला फार लांब जावं लागलं नाही, कारण एकच होता. शेजारच्या आळीतला भागोजी. आधी होडीवर होता, आता त्याच्याकडे जुनी व्हॅन होती आणि तीतून तो बायकोच्या, सत्यवतीच्या, मासळीच्या टोपल्या बाजारात पोचवायचा.

"ट्रिप म्हंजे नक्की काय करायचा, भाऊ?" भागोजीनं विचारलं.

"फिरायचं. सावकाश. आरे-वारे, गणपतीपुळे, मालगुंड. समुद्र बघायचा."

"दर्या बघूला दर्यावर जायचा?" भागोजीनं दारातून दिसणाऱ्या समुद्राकडे पाहिलं. "मग ह्यो काय हाय?"

पण सत्यवतीला कल्पना पसंत पडली. लग्नाला तीस वर्षं झाली, नवऱ्यानं टोपलीशिवाय कुठे नेलं नाही, असं तिनं तिथल्या तिथे सुनावलं, आणि भागोजीचा विरोध मावळला.

रविवारी दहाला चौघं निघाली. विमलाबाईंनी घावने आणि खोबऱ्याची चटणी घेतली होती, सत्यवतीनं तळलेले बांगडे. (ते घेतले नसते तरी व्हॅनमध्ये वासाची उणीव भासली नसती.) मालगुंडला पोचून सुरूच्या सावलीत जेवणं झाली. गुरुप्रसादांनी अकरा फोटो काढले. नऊमध्ये त्यांचा अंगठा होता.

दिवस छान होता. भातं पिवळी झाली होती, समुद्र शांत होता, भागोजी होडीवरच्या, वादळांच्या गोष्टी एकामागून एक सांगत होता. तरी गुरुप्रसादांचं लक्ष घड्याळातून हलेना. एक वाजता ते म्हणाले, "तिथे साडेआठ. उठली असेल." दीडला म्हणाले, "निघाल्या असतील." विमलाबाईंनी फोन पर्समधून काढून मांडीवर घेतला होता.

साडेतीनला परत आरे-वारेपाशी आले तेव्हा शमिकाचा फोटो आला. उंच काळा कडा, खाली पसरलेली वाळू, राखाडी समुद्र, वाळूवर उभी केलेली निळी मोटार, तिला टेकून हसणारी शमिका. विमलाबाईंनी दोन बोटांनी चित्र मोठं केलं. मोठं करत करत त्या मुलीच्या गालापर्यंत पोचल्या आणि तिथेच थांबल्या.

"वाळलीय," त्या म्हणाल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "हा मागे कोण?"

"कुठे? सावली असेल," गुरुप्रसाद म्हणाले.

"सावलीला दाढी असते?"

"थंडीच्या देशात असेल."

विमलाबाई हसल्या नाहीत. विषय बदलायला हवा होता, म्हणून गुरुप्रसाद म्हणाले, "आपणही अस्साच फोटो पाठवू. भागोजी, व्हॅन घे खाली वाळूत."

"भरती लागलीय, भाऊ."

"दोन मिनिटांचं काम. वेळेचं माझ्यावर सोड. बत्तीस वर्षं मी तेच केलंय."

भागोजीनं व्हॅन खाली घेतली. चौघं तिला टेकून उभी राहिली. फोटोत सगळे यावेत म्हणून फोन दगडावर ठेवला, तो पडला, पुन्हा ठेवला, मग विमलाबाईंचा पदर उडाला, मग सूर्य डोळ्यांवर आला. दोन मिनिटांची वीस झाली. फोटो मात्र झकास आला. भागोजीनं व्हॅन सुरू केली तेव्हा मागची चाकं जागच्या जागी फिरली आणि वीतभर खाली गेली. जोर केला, तशी आणखी वीतभर गेली.

पहिली लाट टायरला लागून परत गेली आणि त्याच वेळी फोन वाजला. शमिका. व्हिडिओ.

"उचलू नका," भागोजी म्हणाला.

असं गुरुप्रसादांना सांगणं व्यर्थ होतं. त्यांनी पहिल्याच रिंगला उचलला.

"बाबा, सहापर्यंत राहवेना," शमिका म्हणाली. तिच्या केसांत वारा होता. "कसं चाललंय?"

"मजेत. अगदी निवांत."

"मागे भागोजीकाका व्हॅनखाली झोपून काय करतायत?"

"ते? ते... विश्रांती."

इतक्यात सत्यवतीनं फोन हातातून काढून घेतला. "बाय, इश्रांती कसली? तुझ्या बापसान गाडी रुतवलीन. तू फिरूला जावास म्हणून खोटा बोलला, तो खोटा खरा करूला आमी सगली हय बुडताव."

 नुसता दोन्हीकडचा समुद्र ऐकू येत होता. मग शमिका म्हणाली, "बाबा, मी सकाळपासून फोन हातात धरूनच फिरतेय. सगळे मला हसतायत."

विमलाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. गुरुप्रसाद काहीतरी बोलणार होते, तेवढ्यात दुसरी लाट आली आणि त्यांची एक चप्पल घेऊन गेली.

आता तिकडे पडद्यावर गर्दी झाली. दिशा आली, आणखी दोघी आल्या आणि ती लाल दाढीची सावलीही आली. सावली काहीतरी भराभर बोलली.

"कोनर म्हणतो, टायरमधली हवा सोडा," शमिकानं सांगितलं. "टायर पसरतात, मग वाळूत रुतत नाहीत. त्याची गाडी दर वर्षी रुतते."

"हवा सोडूची?" भागोजी व्हॅनखालून म्हणाला. "त्याला सांग, ही गाडी माझ्या पोटाची हाय."

तिनं सांगितलं. कोनर अदबीनं म्हणाला की पोट बुडण्यापेक्षा हवा गेलेली बरी. भागोजीला हे पटलं. हवा सोडली, जाळी आवरत असलेल्या चार होडीवाल्यांनी दोर लावला, गुरुप्रसाद एका चपलेवर मागून रेटू लागले आणि फोन उंच धरून उभ्या राहिलेल्या विमलाबाईंनी सगळं आयर्लंडला दाखवलं. तिसऱ्या हिसक्याला व्हॅन बाहेर आली. तिकडे मोटारीला टेकलेली सगळी मंडळी टाळ्या वाजवत होती.

"त्याला विचार," विमलाबाई मुलीला म्हणाल्या, "जेवला का तो?"

हवा गेलेल्या टायरांवर गोगलगायीच्या वेगानं घरी पोचायला त्यांना आठ वाजले. सहा कधी वाजून गेले, ते दोघांनाही कळलं नाही.

पुढच्या रविवारी मात्र सगळं पहिल्यासारखं होतं. चारला वेणी, शंभर टक्के चार्जिंग. गुरुप्रसादांनी आठवडाभर मनात जुळवलेलं एक वाक्यही तयार होतं: बाळा, तू फिर, आमची काळजी करू नकोस, पण जमलं तर दिवाळीला ये. बरोबर सहाला फोन वाजला. पडद्यावर शमिका, दिशा, कोनर आणि मागे खुर्च्यांत केंद्रातले सात-आठ पांढऱ्या केसांचे आजी-आजोबा ओळीनं बसलेले.

गुरुप्रसादांनी घसा खाकरला. "बाळा—"

"बाबा, एक मिनिट. भागोजीकाकांना बोलवाल? मी सगळ्यांना त्यांच्या होडीवरच्या गोष्टींबद्दल सांगितलंय. सकाळपासून वाट बघतायत."

भागोजी नवा शर्ट घालून, केस विंचरून ओट्यावर तयारच बसला होता. त्यानं मराठीत वादळाची गोष्ट सुरू केली, शमिका इंग्रजीत सांगू लागली, म्हातारी माणसं माना डोलवू लागली. पंचवीस मिनिटं गुरुप्रसाद फोन धरून उभे होते. पडद्याच्या कोपऱ्यात मुलीचा चेहरा दिसत होता, तेवढा ते बघून घेत होते. तेवढ्यात ती थेट त्यांच्याकडे वळली.

"बाबा," ती प्रेमानं म्हणाली, "हात हलतोय तुमचा. काका नीट दिसत नाहीयेत."

गुरुप्रसादांनी फोन दोन्ही हातांनी धरला.