सुया लावल्यावर उठायचं नाही

“पंखा म्हणायला सगळ्यांचा, पण वारा काय माझ्या वाट्याला येत नाय,” शेजारच्या खुर्चीतून काकासाहेब पुटपुटले. एसटीतून निवृत्त झालेले गृहस्थ. दोन्ही पायांत सुया, दोन्ही हातांत सुया, कपाळाच्या मधोमध एक. मोकळं राहिलं होतं ते फक्त तोंड.

सत्यभामाबाईंनी डोळे आणखी घट्ट मिटले. उस्मानपुऱ्यातल्या या अ‍ॅक्युपंक्चरच्या हॉलमध्ये बोलायचं नाही असा नियम होता. आठवड्यातून एकदा त्या इथं यायच्या, त्या निम्म्या खांद्यासाठी आणि निम्म्या या नियमासाठी.

पहिल्या दिवशी मात्र त्या दारातूनच परत फिरणार होत्या. स्वतंत्र खोली नाही, पडदा नाही. लांब पाठीच्या खुर्च्या गोल मांडलेल्या आणि त्यांत बायका-पुरुष बाह्या नि पायजमे दुमडून गाढ झोपलेले. डॉक्टर मंजुषा हळू आवाजात म्हणाल्या होत्या, “सगळ्यांना एकत्र बसवते, म्हणून तर स्वस्तात जमतं. ज्याला जेवढं परवडेल तेवढं द्यावं.” मग त्यांनी केसाएवढ्या बारीक सुया काढल्या आणि उजव्या खांद्यासाठी डाव्या पिंढरीत टोचल्या. सत्यभामाबाईंना वाटलं, बाईंचं काहीतरी चुकतंय. सांगावं की नको या विचारातच त्यांना झोप लागली. दुपारची झोप! घरात असं काही असतं, हेच त्या विसरल्या होत्या.

खांदा गेला होता तो सासूबाईंना उचलून. आवडाबाईंचे पाय गेल्यापासून त्यांना पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून मोरीत आणि परत पलंगावर नेणं हे सत्यभामाबाईंचंच काम. डॉक्टरांनी बजावलं होतं, “सुयांनी दुखणं कमी होईल. पण वजन उचलणं थांबवलं नाही, तर हात वर जायचा बंद होईल.” घरी नवऱ्यानं, पुंडलिकरावांनी विचारलं, काय म्हणाल्या डॉक्टर? सत्यभामाबाईंनी पहिलं वाक्य सांगितलं, दुसरं गिळलं. कारण दुसऱ्यानंतर प्रश्न येणार, मग उचलायचं कुणी? त्याचं उत्तर चिकलठाण्याला नव्या फ्लॅटमध्ये राहत होतं. धाकटा दीर इंद्रजीत आणि त्याची रूपा. सणावाराला सगळे जमत, पुरणपोळी खात, आणि तेवढा विषय सोडून जगातल्या सगळ्या विषयांवर बोलत.

दार धाडकन उघडलं.

“अगं माय माझी! हे काय करून घेतलंस!”

सत्यभामाबाईंनी डोळे उघडले. दारात नणंद, भामाबाई. एका हातात शहाळी, दुसऱ्या हातात डबा, काखेत ब्लँकेट.

झालं होतं असं : भामाबाईंनी सकाळी गावाहून फोन केला. पुंडलिकराव म्हणाले, “ती दुपारी उस्मानपुऱ्यात असती, दवाखान्यात. सुया लावून पडून राहावं लागतं, उठायचं नाय म्हणत्यात.” एवढं ऐकल्यावर भामाबाईंना अजून काय ऐकायचं होतं? भावजय अ‍ॅडमिट आहे आणि आपण भेटायला गेलो नाही, हे पुढच्या तीन लग्नांत ऐकून घ्यावं लागलं असतं. त्यांनी इंद्रजीतला फोन लावला, त्यानं रूपाला, आणि स्वतः त्या जीपमध्ये बसल्या.

“ताई, मी अ‍ॅडमिट नाही हो,” सत्यभामाबाई कुजबुजल्या.

“नसंल. मला सांगू नको. पेशंटला कोण खरं सांगतंय?”

पेशंटला भेटायला जायचं म्हणजे शेजारच्या पेशंटचीही चौकशी करायची, ही भामाबाईंची रीत. त्यांनी काकासाहेबांकडं मोर्चा वळवला. “तुम्हाला काय झालंय, भाऊ?”

“गुडघे.”

“मग ही कपाळावर?”

“ते मलाबी कळंना.”

“कुणी घरचं नाय आलं? खामखा उपाशी बसले असताल.” आणि हात हलवता न येणाऱ्या काकासाहेबांच्या तोंडात भामाबाईंनी डब्यातल्या केळ्याचा तुकडा घातला. काकासाहेबांनी तो विनातक्रार खाल्ला. समोरच्या खुर्चीतल्या बाई जाग्या होऊन आशेनं बघू लागल्या.

तेवढ्यात इंद्रजीत आणि रूपा आले, बिस्किटांचे पुडे घेऊन. वहिनीच्या अंगातल्या सुया बघून इंद्रजीतचा चेहरा उतरला. त्यानं तिथूनच भावाला फोन लावला. “दादा, वहिनी इथं अशी पडलीय आन् तू घरी? लोक काय म्हणतील?”

पुंडलिकराव घरी होते, कारण तेवढ्या वेळापुरतं आईजवळ बसणं हेच त्यांचं काम होतं. पण सगळे जमलेत आणि आपणच नाही म्हटल्यावर ते घाबरले. आईला एकटं कसं सोडायचं? शेजाऱ्यांच्या मदतीनं त्यांनी तिला रिक्षात घातलं आणि तिलाही घेऊन आले.

आतल्या खोलीतून डॉक्टर मंजुषा बाहेर आल्या, तेव्हा हॉलमध्ये चौघं पाहुणे उभे होते, सगळे पेशंट जागे होते आणि दारात रिक्षा घरघरत होती.

“आईला खाली घ्यायचंय,” पुंडलिकराव म्हणाले.

मग एक गंमत झाली. चौघांनीही एकाच वेळी सत्यभामाबाईंकडं पाहिलं. आणि त्यांचाही डावा पाय आपसूक खाली यायला लागला.

“हलायचं नाही!” डॉक्टर ओरडल्या. स्वतःचा नियम त्यांनी पहिल्यांदाच मोडला होता.

चौघं एकमेकांकडं बघत राहिले. शेवटी भाऊ-भाऊ बाहेर गेले. काखेत धरायचं की कमरेत, यावर रिक्षापाशीच वाद झाला. रूपानं पाय धरले, तर पदर निसटला. “अरे, गव्हाचं पोतं हाय का मी?” आवडाबाईंचा आवाज आला. सत्यभामाबाई खुर्चीतून सांगत होत्या, “आधी मान सांभाळा... दंडाला धरू नका, काखेतून घ्या... आई, रूपाच्या गळ्यात हात टाका.” सांगताना त्यांचा दुखरा खांदा उगाच ताठ होत होता.

आवडाबाईंना एकदाचं रिकाम्या खुर्चीत ठेवलं. दोघे मुलगे कमरेवर हात देऊन धापा टाकत होते. रूपा मनगट चोळत होती.

“वहिनी लई करती आईचं,” इंद्रजीत म्हणाला. हे तो नेहमीच म्हणायचा.

“व्हय, हिच्यासारखी हीच,” भामाबाई म्हणाल्या.

पुंडलिकराव खिडकीबाहेर बघू लागले. सत्यभामाबाईंनी डोळे मिटले; आता शहाळ्याचा विषय निघेल, मग पुरणपोळीचा.

आवडाबाईंनी सुनेच्या पिंढरीतली सुई बघितली, मग तिचा खांदा बघितला.

“कौतुक पुरं करा,” त्या म्हणाल्या. “हिचा खांदा माझ्या वज्यानं गेलाय. सुई काढली की ही घरी जाणार आन् मलाच उचलणार. इंद्रा, हिनं लई केलं. आता मला तुझ्याकडं न्हे.”