हातोडा, कपाट आणि आत्याबाईच्या मिशा

जे घडून गेलं त्याबद्दल माणसाला शंका असते. जे कधी घडणारच नाही त्याबद्दल मात्र त्याची पक्की खात्री असते. समाज टिकून आहे तो याच खात्रीवर. आमची 'कालभिन्न मुष्टियुद्ध निर्णय समिती' तिचीच सेवा करते. वेगवेगळ्या काळातले हेवीवेट बॉक्सर समोरासमोर आले असते तर कोण जिंकला असता, याचा कायमचा निकाल लावणं हे समितीचं कार्य. (निकाल अद्याप एकही लागलेला नाही. घाई केली की काम बिघडतं.)

समितीचं कार्यालय म्हणजे कोपऱ्यावरचं सलून. तिथे खुर्ची एकच, म्हणून जो दाढीला बसेल तो अध्यक्ष. तोंडाला साबण असल्यामुळे त्याला बोलता येत नाही, आणि गळ्याशी वस्तरा असल्यामुळे कुणाच्या बाजूने मानही हलवता येत नाही. इतका निःपक्षपाती अध्यक्ष दुसऱ्या कुठल्या संस्थेला लाभला असेल तर कळवावे. मी सचिव. मला टक्कल आहे आणि दाढी मी वाढवली आहे, त्यामुळे सलूनमध्ये माझं दुसरं काहीच काम नसतं.

समितीची घटना कडक आहे. 'जिंकला' हा शब्द वर्ज्य. 'जिंकला असता' असंच म्हणावं. दोन्ही बॉक्सर ऐन उमेदीतले धरावेत. मेलेला असणं ही सबब चालणार नाही. ज्याने आयुष्यात एकदा तरी ग्लोव्ह घातला आहे त्याला मताधिकार नाही, कारण त्याचं मत अनुभवाने दूषित झालेलं असतं.

यंदा पटलावर लढत होती हातोडा विरुद्ध कपाट. हातोडा आजोबांच्या काळातला. लोकरीची चड्डी, पीळ दिलेल्या मिशा, आणि समोरचा आडवा होईपर्यंत थांबायचं नाही. कपाट आजचा. दारातून तिरका होऊन आत येतो. हातोड्याची बाजू शिंपीकाकांकडे, कपाटाची दातांच्या डॉक्टरांकडे. दोघं बालमित्र, दुकान आणि दवाखाना समोरासमोर, आणि आता व्याही होऊ घातलेले. काकांची थोरली आणि डॉक्टरांचा धाकटा यांचं जमलं होतं, दोन्ही घरांना पसंत होतं, तारीख तेवढी काढायची राहिली होती. सगळं इतकं सुरळीत चाललेलं पाहून खरं तर समितीने तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

पुरावे सादर झाले. काकांनी सलूनच्या भिंतीवरच्या फोटोवरून हातोड्याची मापं काढून त्याचा कोट शिवला. त्या कोटात आम्ही तिघं एकदम मावलो.

"कापड किती लागतं ते कळलं. ठोसा कुठे कळला?" डॉक्टर म्हणाले.

त्यांनी एका मासिकाच्या मुखपृष्ठावरून कपाटाच्या जबड्याचा प्लास्टरचा साचा करून आणला. काकांनी तो उलटासुलटा करून पाहिला. "हसतोय हो हा. हसणारा माणूस हमखास मार खातो."

मग जुनी फिल्म दाखवण्यात आली. तीत हातोडा तुरुतुरु पळत धडाधड ठोसे मारतो. डॉक्टरांनी हरकत घेतली, की जुन्या फिल्मा जोरातच पळतात. काका म्हणाले, "अहो, पंचही तसाच पळतोय, लोकही तशाच टाळ्या पिटतायत. त्या काळी माणसंच चपळ होती!" समितीच्या पाहणीनुसार हा मुद्दा सत्तर टक्के सभासदांना पटला. उरलेले तीस टक्के खुर्चीत होते, त्यांचं कटिंग चालू होतं.

गाडं अडलं ते कुणी कुणाच्या काळात जायचं यावर.

"माझा कपाट तिकडे येणार नाही," डॉक्टर म्हणाले. "तिथे भूल न देता दात उपटतात."

"आणि आमचा हातोडा कुणाचे उंबरे झिजवणार नाही. त्याला काय गरज?"

यावर डॉक्टर बोलू नये ते बोलले. "त्याचा जबडा काचेचा होता, म्हणून येत नसेल."

सलूनवाल्याची कात्री थांबली. काका उठून उभे राहिले. "मेलेल्या माणसाच्या जबड्यावर जाता? असल्या घरात माझी मुलगी नांदणार नाही!"

"पळत्या फिल्मला जो पुरावा म्हणतो, त्याच्या घरची सून मलाही नको!"

लग्न मोडलं. (निर्णय दोन बापांचा. समितीने फक्त नोंद घेतली.) मुलगी स्वतः सलूनमध्ये समजवायला आली. "बाबा, तो कपाट आपल्याला ओळखतो तरी का हो?"

"प्रश्न ओळखीचा नाही, तत्त्वाचा आहे," काका म्हणाले. ती डोळे पुसत निघून गेली. काकांचा जीव तुटला, ते मला दिसलं. पण तत्त्व म्हटलं की जीव तुटणारच.

पुढच्या सभेला काकांची बहीण थेट आत शिरली. ही मुलीची आत्या. दुकानात काजं-बटणं तीच करते. वातावरण निवळावं म्हणून सलूनवाला म्हणाला, "जाऊ द्या हो. या असत्या-नसत्याला काही अर्थ आहे का? म्हणतातच ना, आत्याबाईला मिशा असत्या तर..." आणि समोर कोण उभं आहे हे लक्षात येऊन त्याने जीभ चावली.

आत्याबाई आरशाजवळ गेल्या. वरचा ओठ ताणून नीट पाहिला.

"आहेत," त्या म्हणाल्या. "चार केस का होईनात, आहेत. म्हणा काका."

मग त्या भावाकडे वळल्या.

"दादा, पोरांनी उद्या सकाळची नोंदणी कचेरीची वेळ घेतलीय. तू आलास तर साक्षीदार म्हणून बापाची सही. नाही आलास तर ही मिशीवाली काका करेल. काय ते ठरव."

दुसऱ्या दिवशी सकाळी सलूनच्या खुर्चीत, नव्या सुटात, तोंडाला साबण लावून कोण बसलं होतं? डॉक्टर. आणि दार ढकलून, नव्या सुटात, दाढीला कोण आलं? काका. आरशात दोघांची नजरानजर झाली आणि दोघंही ओशाळले. कचेरी तिथून हाकेच्या अंतरावर होती.

"डॉक्टर, झालं गेलं विसरू या," काका अगदी मायेने म्हणाले. "जबडा काचेचा नव्हता एवढं मान्य करा, की मिटलं."

अध्यक्षांनी बोलायचं नसतं. पण डॉक्टरांनी ओठांपुरता साबण पुसला. "मान्य. काचेचा नव्हता. चिनी मातीचा होता."

झालं! हातोड्याने डावा मारला असता, कपाटाने तो चुकवला असता, कपाट चुकवणार हे हातोड्याने आधीच ओळखलं असतं. मध्येच काकांच्या खिशातला फोन वाजला. मुलीचा होता.

"बाबा, येताय ना?"

"आलोच, आलोच. एवढा मुद्दा संपवतो."

डॉक्टरांच्या गालावरच्या साबणाने वाळून पापडी धरली तेव्हा कुठे भान आलं. मग दोघंही धावले, अगदी जुन्या फिल्ममधल्यासारखे, तुरुतुरु. मी मागून. पोचलो तर कारकून पुढच्या जोडप्याला आत बोलावत होता. आत्याबाई तेवढ्या दारात उभ्या होत्या.

"केली सही," त्या म्हणाल्या. "सही करताना पोरगी दाराकडेच बघत होती रे, दादा."

काका पायरीवर बसून ढसाढसा रडले. शेजारी डॉक्टर, अर्ध्या दाढीनिशी. सचिवाने असं वाटून घेऊ नये, पण मलाही फार वाईट वाटलं.

आता दोन्ही व्याह्यांचं छान जुळलं आहे. मुलगी-जावई दर रविवारी दोघांनाही घरी बोलावतात. जमत नाही, कारण रविवारी सभा असते. सध्या पटलावर विषय आहे: दोन्ही बाप वेळेवर पोचले असते, तर जास्त कोण रडला असता? काकांचं पारडं जड आहे, पण डॉक्टरांच्या बाजूनेही बोलण्यासारखं बरंच आहे.

तुम्ही हसताय. हसा. हातोडा आणि कपाट ही नावं मी सांगेपर्यंत तुम्ही ऐकलीसुद्धा नव्हती. तरी कोण जिंकला असता, हे तुम्ही केव्हाच मनाशी ठरवून टाकलं आहे. खोटं बोलू नका. समितीत एक जागा रिकामी आहे, या.

आणि हो, मघापासून आतल्या खोलीतून तुम्हाला कुणीतरी हाक मारतंय. 'आलोच' म्हणून सांगा.