व्हर्लिनच्या टाकीचं अजीर्ण

"यंदा आपली ज्योत ड्वेनच्या ज्योतीच्या डोक्यावरून बघेल, लिहून ठेव!" व्हर्लिन टोलेफसननं जाहीर केलं.

व्हर्लिन म्हणजे विस्कॉन्सिनमधल्या होल्बी गावच्या सांडपाणी केंद्राचा प्रमुख. गावाचा गाळ एका घुमटाच्या बंद टाकीत मुरायचा, त्याचा गॅस व्हायचा आणि उरलासुरला गॅस उंच नळीच्या टोकाला जळायचा. नदीपलीकडे, वेस्ट होल्बीत, ड्वेन क्राउझचीही अशीच टाकी, अशीच नळी. पण ड्वेनची ज्योत तीन मैलांवरून दिसे आणि व्हर्लिनची शोधायला दुर्बीण लागे! शुक्रवारी गाव तळलेले मासे खायला जमलं, की जो तो म्हणे, "ज्योत असावी तर ड्वेनसारखी!" तेवढ्यानं व्हर्लिनच्या घशात काटा अडके. माशाला काटा नसला तरी!

प्रयोगशाळेतली मार्लिस तीस वर्षं त्याला ओळखून होती. "अरे, टाकी म्हणजे पोट. घास बेतानं दे."

"बेतानं ड्वेन देतो. मी दणक्यात देणार!"

आणि त्यानं चीज कारखान्यातल्या निवळीचे दोन टँकर एका दमात टाकीत ओतले. दुसऱ्या संध्याकाळी ज्योत अशी भडकली, की उडत्या हंसांचा थवा वळसा घालून गेला. व्हर्लिननं लगेच फोन लावला, "ड्वेन, जरा खिडकीशी ये रे!"

तिसऱ्या दिवशी टाकीचं पोट बिघडलं. आतून गुडगुड, मग डरकाळी, मग फेस! झाकण उचलून बाहेर आला, जिना उतरला, अंगण ओलांडलं आणि व्हर्लिनच्या उघड्या गाडीत चालकाच्या जागेवर जाऊन बसला! ज्योत विझली. वासाचं तर काय सांगावं? रविवारी चर्चमध्ये अख्ख्या गावानं तोंड मिटून भजन म्हटलं.

नगराध्यक्षा लॉर्ना व्हिक नाकाला रुमाल लावून आल्या. "टोलेफसन, पंधरा दिवस देते. नाही निस्तरलं, तर केंद्राच्या किल्ल्या ड्वेनकडे. तो दोन्हीकडचं बघेल."

नोकरी गेली असती तर व्हर्लिनला एकवेळ चाललं असतं. पण ड्वेनकडे?

"यावर उपाय एकच," मार्लिस म्हणाली. "निरोगी टाकीतलं विरजण. ड्वेनकडून एक टँकर गाळ माग. दहा मिनिटांचा रस्ता."

"ड्वेनचा गाळ? माझ्या टाकीत? मी मरेन, पण..."

"तू मर रे खुशाल. टाकी मेली तर काय करायचं?"

व्हर्लिननं थेट उत्तरेला फोन लावला, मोठ्या तळ्याकाठच्या केंद्राला. दोनशे मैल! एप्रिलच्या बर्फात टँकर आला, लाल दाढीच्या चालकानं मुकाट्यानं विरजण ओतलं आणि गेला. व्हर्लिन टाकीशी खुर्ची टाकून बसला, तापलेल्या पोराशेजारी बसावं तसा. दहाव्या दिवशी गुडगुड थांबली. पंधराव्या दिवशी ज्योत अशी उभी राहिली, की ड्वेनची तिच्यापुढे काडीपेटीतली काडी!

लॉर्नाबाई आल्या, सोबत ड्वेन. बाईंनी रुमाल खिशात घातला. "किल्ल्या तुमच्याकडेच ठेवा."

ड्वेननं टोपी काढून वर पाहिलं. "लेका, माझ्याहून उंच!"

व्हर्लिनची छाती टाकीच्या घुमटाएवढी झाली. "विरजणच तसं आणलं! दोनशे मैलांवरचं, खानदानी! आसपासचं फुळकवणी नाही!"

"लाल दाढीवाल्यानं आणलं ना?"

"तुला कसं ठाऊक?"

"अरे, वादळात उत्तरेचा रस्ता बंद होता. त्या लोकांनी मलाच फोन केला. त्यांचा तो चालक रिकामा टँकर घेऊन इकडेच अडकला होता, त्याला मीच भरून दिला. म्हटलं, बोलू नकोस, व्हर्लिनला उगाच अवघडल्यासारखं होईल."

लॉर्नाबाई खोकल्या. ड्वेन पाठीवर थाप मारून निघून गेला.

मार्लिस वर बघत उभी होती. "काही म्हण व्हर्लिन, ज्योत आहे झकास!"

व्हर्लिननं वर पाहिलं, तोंड वाकडं केलं. "हं! एवढं काय आहे तिच्यात? वारा पडलाय म्हणून उंच वाटतेय."