झिवारा या नावाचं मूळ

जगातल्या कुठल्याही बाळाच्या नावाचा अर्थ नाना तीन मिनिटांत सांगू शकत. हे ते स्वतःच सांगत, आणि त्यात वेळेपुरतं तरी खोटं काही नव्हतं. छापखान्यातली मुद्रितं तपासायची नोकरी संपल्यावर ते बाळांच्या नावांची वेबसाइट चालवणाऱ्या एका कचेरीत लागले होते. दर सोमवारी मालक दोनशे नावांची यादी टेबलावर आपटी, आणि प्रत्येक नावापुढे तीन रकाने भरायचे असत: अर्थ, मूळ, लोकप्रियता. रकाना रिकामा दिसला की मालकाचं डोकं फिरे.

पहिला महिना नानांनी कोश चाळून डोळे फोडून घेतले. दुसऱ्या महिन्यात त्यांना कळलं, की यादीतली निम्मी नावं कुठल्याच कोशात नाहीत. कानाला गोड लागतात म्हणून कुणीतरी ती जुळवली आहेत. तिसऱ्या महिन्यापासून नाना कोशाकडे फिरकले नाहीत. अर्थ आपोआप सुचू लागले, आणि सुचायचे तेही एकाहून एक देखणे. घरी मात्र त्यांनी ‘भाषेवर संशोधन चालू आहे’ एवढंच सांगून ठेवलं होतं.

अशात त्यांच्या मुलीला मुलगी झाली. जन्मनोंदणीच्या कचेरीत शुक्रवारी पाचच्या आत नाव द्यायचं होतं. मंगळवारी नाना नातीला बघायला गेले, तेव्हा मुलीने फोन त्यांच्यासमोर धरला.

“नाना, ठरलं एकदाचं. झिवारा. म्हणजे पहाटेचा शेवटचा तारा. समुद्रावर राहणाऱ्या एका जुन्या जमातीचं नाव आहे. अत्यंत दुर्मिळ.”

नानांना चहाचा ठसका लागला. ती जमात त्यांनीच जन्माला घातली होती, जेवणाच्या सुट्टीला चार मिनिटं उरली असताना.

“वाचून मला रडूच आलं हो,” मुलगी म्हणाली. “बाकी काही देता येईल न येईल. पण आपलं नाव कुठून आलं, हे तरी हिला खरं खरं सांगता यायला हवं.”

नाना मान डोलावत राहिले. ‘अगं, ते मीच लिहिलंय’ एवढं म्हणायचा अवकाश होता. पण मुलगी त्यांच्याकडे इतक्या विश्वासाने बघत होती, की ‘गोड आहे नाव’ असं ते म्हणून बसले.

बुधवारी कचेरीत जाऊन त्यांनी पहिलं काम काय केलं असेल, तर ‘अत्यंत दुर्मिळ’ खोडून ‘यंदा तिसऱ्या क्रमांकावर’ असं घातलं. मुलीला चारचौघींसारखं नाव नको होतं. आता ती आपणच नाद सोडेल, असा त्यांचा हिशेब होता.

संध्याकाळी जावयाचा फोन आला. आवाजात नुसता आनंद. “नाना, माझं टेन्शन गेलं. नाव विचित्र वाटेल, पोरं चिडवतील, म्हणून मी कुरकुरत होतो. आता बघतो तर तिसरा नंबर. ही म्हणते, चांगली गोष्ट चार लोकांना आवडणारच.”

नानांचा रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. गुरुवारी त्यांनी मन घट्ट करून अर्थालाच हात घातला. ताऱ्याखाली एक ओळ वाढवली: ‘काही बोलींत अर्थ: कजाग बाई.’ आपल्याच नातीबद्दल हे लिहून वर त्यांनी त्याचं शुद्धलेखनही तपासलं.

त्या संध्याकाळी ते मुलीकडे पोचले, तेव्हा विहीणबाई चष्मा लावून फोनवर तीच ओळ वाचत होत्या. नाना आशेने खुर्चीच्या टोकावर बसले.

“मग तर हेच ठेवा,” विहीणबाई म्हणाल्या. “आमच्या घरातल्या बायकांनी गप्प बसून जन्म काढले. एखादी निघू दे कजाग.”

मुलीने बाळाला छातीशी धरलं आणि हसली. नाना घरी आले ते थेट अंथरुणात शिरले. आपण लिहिलेलं आपल्यालाच खोडता येत नाही, असं आयुष्यभर मुद्रितं तपासणाऱ्या माणसाच्या वाट्याला यावं, याचं त्यांना फार वाईट वाटलं.

शुक्रवारी दुपारी तीन वाजता अर्ज मुलीच्या टेबलावर होता. जावई खाली गाडी काढायला गेला होता आणि नाना समोरच्या खुर्चीत बसले होते. मुलीने पेनाचं टोपण उघडलं आणि नानांचा धीर सुटला. त्यांनी सगळं सांगून टाकलं. यादी, मालक, तारा, जमात, कजाग बाई, काही लपवून ठेवलं नाही.

मुलीने पेन खाली ठेवलं. मग तिने फोन उचलला.

“हे दुसरं आवडलं होतं. डोंगरातल्या राजकन्येचं.”

“तेही मीच.”

“हे? एका लुप्त लिपीतलं?”

“ती लिपीही,” नाना म्हणाले.

“आणि हे, नदीचं?”

“नदी खरी आहे,” नाना घाईने म्हणाले. “नाव तिचं नाही.”

तिने फोन पालथा ठेवला. आणि तेव्हाच तिच्या मनात काहीतरी चमकलं.

“नाना, माझं नाव तुम्हीच ठेवलंत ना?”

“हो.”

“वाळवंटात अचानक लागलेलं गोड पाणी. शाळेत निबंध लिहिला होता मी त्यावर. मुलाखतीत सांगितलं. लग्नात सासूबाईंना सांगितलं. ते कुठून आणलंत?”

नानांना जमीन दुभंगेल तर बरं, असं झालं. “दवाखान्यात यायच्या वाटेवर एक दुकान होतं,” ते म्हणाले. “त्याच्या पाटीवर होतं. मला आवडलं. मग तुझ्या आजीने अर्थ विचारला.”

“कसलं दुकान?”

“रंगाचं.” तिचा चेहरा पडलेला त्यांना बघवेना. “पण मोठं होतं हं. दोन मजली. समोर कारंजं होतं.”

“नाना.”

“एकमजली,” नाना म्हणाले. “कारंजं नव्हतं.”

खालून जावयाने हॉर्न वाजवला. मुलीने डोळे पुसले, अर्ज पुढे ओढला आणि ठळक अक्षरांत लिहिलं: झिवारा. नाना बघतच राहिले.

“अगं, सगळं सांगितलं ना मी तुला.”

“म्हणूनच,” ती बाळाला उचलत म्हणाली. “हिने मूळ विचारलं, तर निदान दाखवता येईल. तुझ्या नावाचं मूळ या खुर्चीत बसायचं, म्हणावं.”